झुंबर सरांचा अर्धा गुण

हे माझ्यासोबत झालंय. ऐकीव नाही. मैत्रिणीच्या मावशीच्या जावेचं तर अजिबातच नाही.

मी उज्वला. राहणार नाशिक, सिडको. वय एकोणचाळीस, सरकारी कचेरीत क्लार्क. भुताखेताच्या गोष्टींना मी आजवर तोंडावर हसत आले. या पेजवरच्या गोष्टी वाचूनसुद्धा हसले आहे, माफ करा.

आता हसत नाही.

तुम्हाला वाटेल, अमावस्येची रात्र असेल. नव्हती. डिसेंबरातला दुसरा रविवार, दुपारचे तीन, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे गंगापूर रोडच्या आतल्या बाजूचं एक मंगल कार्यालय. नाव लिहीत नाही. तिथं लोकांची लग्नं व्हायची आहेत अजून.

तिथं जिल्ह्याची बुद्धिबळ निवड स्पर्धा होती आणि शेवटची फेरी सुरू होणार होती.

आधी थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझा जीव कशात अडकला होता ते कळायचं नाही. मी वीस वर्षं बुद्धिबळ खेळते. चांगली खेळते, उगाच नम्रपणा कशाला! पण राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून एकच जण जातो आणि ती जागा दर वेळी माझ्या हातून निसटली. कधी अर्ध्या गुणाने, कधी बाळंतपणाने, कधी सासूबाईंच्या पथ्यपाण्याने. यंदा नवऱ्याला, शेखरला, मीच शब्द देऊन बसले होते. निवड झाली तर ठीक. नाही झाली तर बोर्ड माळ्यावर, पुन्हा स्पर्धेचं नाव नाही.

शेखर बिचारा म्हणाला, तुझं तू बघ. सासूबाई मात्र म्हणाल्या, "चला, सुटलो सोंगट्यांतून."

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर होते झुंबर सर.

सर हरसूलच्या शाळेत शिक्षक. पंचावन्नच्या आसपासचे, सडपातळ, गळ्यात बारा महिने मफलर. त्यांना हरवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. आमचे आजवर अकरा डाव झाले होते. अकराच्या अकरा बरोबरीत. डाव संपला की सर मला पायरीवर बसवून माझ्या चुका दाखवायचे, स्टीलच्या थर्मासमधला चहा अर्धा मला द्यायचे. एकदा माझा एक प्रतिस्पर्धी आलाच नाही, मला फुकट गुण मिळाला, तर मी खूश. सर म्हणाले, "न खेळता मिळालेला गुण मोजू नको उज्वला. तो आपला नसतो."

तेव्हा मी मनात म्हटलं होतं, गुरुजींची जात, उपदेश केल्याशिवाय चहा पचत नाही.

असो.

पहिला बोर्ड स्टेजवर मांडलेला. जिथं नवरा-नवरी बसतात तिथं. मागे आदल्या रात्रीच्या जोडप्याची थर्माकोलची नावं तशीच चिकटलेली. खाली हॉलमध्ये बाकीचे खेळाडू. पलीकडे भटारखान्यात संध्याकाळच्या हळदीची भांडी आदळत होती.

तीन वाजले. पंच प्रफुल्ल भाऊंनी घंटी वाजवली.

सर आले नव्हते.

सर आणि उशीर? वीस वर्षांत कधी नाही.

आमच्यात नियम साधा आहे. समोरचा आला नसेल तर त्याचं घड्याळ चालू करून द्यायचं. अर्ध्या तासात आला नाही तर तो गैरहजर, पूर्ण गुण तुमचा. सरांची पांढरी बाजू होती. मी घड्याळाचं बटण दाबलं. त्यांचा एक तास उलटा पळायला लागला.

पाच मिनिटं गेली, मग दहा.

तेवढ्यात खाली दुसऱ्या बोर्डवर टाळ्या झाल्या. चैताली, एकोणीस वर्षांची पोरगी, हुशार. तिने आपला डाव दहा मिनिटांत बरोबरीत सोडवला. तिचे साडेसहा गुण झाले. माझे सहा होते. म्हणजे मी जिंकले तर सात, राज्याला मी जाणार. बरोबरी झाली तर दोघींचे साडेसहा, आणि स्पर्धेच्या नियमाने चैताली जाणार.

आता जे लिहितेय ते कुणाजवळ बोलले नाही. शेखरजवळही नाही.

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मनात म्हटलं... न येवोत. आजच्या दिवस सर न येवोत.

वीस मिनिटं झाली.

पंचवीस.

सत्ताविसाव्या मिनिटाला मी खाली मान घालून डाव लिहायच्या कागदावर तारीख टाकत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. स्टेजच्या लाकडी पायऱ्या एरवी मांजर चढलं तरी करकरतात. त्यांचाही आवाज नाही.

मी मान वर केली...

सर समोर बसलेले होते.

माझा चेहराच उतरला. पण खरं सांगू? भीतीने नाही. निराशेने. हातचा गुण गेला म्हणून.

"उशीर झाला सर," मी म्हटलं. त्यांनी नुसते हात जोडले. शर्ट धुळीने माखलेला. मफलर आज गळ्यात नव्हता, उजव्या कानावरून घट्ट बांधलेला. तोंड जरा डावीकडे वळवून बसले होते, उजवी बाजू भिंतीकडे. मला वाटलं, थंडीची गाडी चालवून आलेत, कान दुखत असेल.

थर्मास नव्हता आणि नेहमीचा खोकलाही नव्हता.

त्यांनी प्यादं पुढे केलं. डाव सुरू झाला.

खालून प्रफुल्ल भाऊंनी हात वर करून काहीतरी विचारलं. सर आले का, असंच असणार, असं धरून मी मान हलवली. ते वहीत लिहायला लागले. मी डावात शिरले.

पंधरा-वीस चाली झाल्यावर मला पहिली गोष्ट खटकली.

आवाज.

सर सोंगटी ठेवत होते, पण टक् होत नव्हतं. वजनदार सोंगट्या, लाकडी टेबल. माझ्या प्रत्येक चालीचा आवाज येत होता. त्यांच्या एकाही चालीचा नाही. पेन कागदावर फिरत होतं, त्याचीही खरखर नाही. आणि भटारखान्यातली ती भांडी... ती कधी थांबली?

दुसरी गोष्ट घड्याळाची. आमच्याकडे प्रत्येक चाल केली की तीस सेकंद वाढून मिळतात. कुणी लवकर खेळतं, कुणी विचार करतं, म्हणून घड्याळ सतत वरखाली होतं. सरांचं घड्याळ तेहतीस मिनिटं चार सेकंदांवर होतं.

पुढच्या चालीनंतर तेहतीस मिनिटं चार सेकंद.

त्याच्या पुढच्या चालीनंतरही... तेहतीस मिनिटं चार सेकंद.

प्रत्येक चालीला बरोबर तीस सेकंद. एक कमी नाही, एक जास्त नाही. माणूस असं खेळत नाही हो. माणूस नाक खाजवतो, पाणी पितो, चुकतो.

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. बोर्डाकडे बघत राहिले. बोर्डावर मी जिंकत होते!

तिसाव्या चालीपर्यंत माझं एक प्यादं जास्त, पस्तिसाव्याला दोन. पण मारामारी होता होता उरले दोघांचे राजे, प्यादी आणि एकेक उंट. माझा उंट काळ्या घरांवरून फिरणारा, सरांचा पांढऱ्या. ज्यांना खेळ येतो ते इथं हळहळतील. असे दोन उंट एकाच बोर्डावर जन्मभर फिरले तरी एकमेकांना कधी भेटत नाहीत. मग दोन प्यादी जास्त असूनही जिंकता येत नाही. समोरचा फक्त आपल्या रंगाची घरं धरून बसतो. अशा डावात बसावं कसं, हे मला पायरीवर सरांनीच शिकवलं होतं.

त्रेचाळिसावी चाल. सरांनी उंट होता तिथंच परत आणला आणि तळहात बोर्डावर आडवा धरला. हे त्यांचं नेहमीचं.

"अर्धा-अर्धा घेऊ, उज्वला?"

आवाज त्यांचाच होता. फक्त जरा लांबून आल्यासारखा.

मी पाच मिनिटं बघितलं. वाट नव्हती. डोळ्यात पाणी आलं, लपवलं नाही.

"घेऊ सर."

एकदा तोंडाने हो म्हटलं की डाव संपला. आमच्यात शब्दच शेवटचा असतो. मी हात पुढे केला. त्यांनी हात मिळवला.

लोक विचारतील, हात बर्फासारखा गार होता का? नव्हता. गरम होता, उन्हातून आल्यासारखा. आणि माझ्या तळव्याला काहीतरी टोचलं. बारीक खडी.

सरांनी बरोबरीच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही राजे बोर्डाच्या मधोमध समोरासमोर ठेवले. निकालाच्या पावतीवर मी अर्धा-अर्धा लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. मी पेनचं टोपण शोधायला खाली वाकले.

वर बघते तर खुर्ची रिकामी.

आणि भांड्यांचा आवाज एकदम सुरू झाला, कुणी कानातला कापूस काढावा तसा.

पावती घेऊन मी पायऱ्या उतरले. प्रफुल्ल भाऊ समोरूनच आले. चेहरा पांढराफटक.

"ताई, तुमचा फोन बंद ना? वाईट बातमी आहे. झुंबर सर गेले."

"हो, आत्ताच गेले. पावती..."

"ताई, गेले म्हणजे... वारले. त्र्यंबकच्या अलीकडे घाटात गाडी घसरली. डोक्याला उजव्या बाजूने लागलं. पावणेदोनला. जागेवरच."

पावणेदोनला.



"इकडेच येत होते बिचारे," प्रफुल्ल भाऊ डोळे पुसत म्हणाले. "मला आत्ता कळलं. साडेतीनला मी तुम्हाला खालून हात केला, नाही ना आले म्हणून? तुम्ही मान हलवलीत. खुर्ची रिकामीच दिसत होती. मी गैरहजर लिहून टाकलं. पूर्ण गुण तुमचा. मग तुम्ही एकट्याच बोर्डावर काहीतरी मांडत बसलेल्या दिसलात. म्हटलं, ताईंना टेन्शन असेल, बसू दे."

त्यांच्या हातात निकालाची यादी होती. माझ्या नावासमोर सात.

माझ्या हातात दोन सह्यांची पावती होती.

काय करायला हवं होतं, मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. पण वीस वर्षं... आणि कोण विश्वास ठेवणार होतं? मेलेल्या माणसाची सही दाखवून मी काय म्हणणार होते?

मी पावती घडी करून पर्समध्ये टाकली.

कुणीतरी पेढा दिला, तो खाल्ला. फाटकापाशी चैताली आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. मी दुसऱ्या बाजूने रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर मूठ उघडली. तळव्याला एक खडा चिकटलेला होता, तांदळाच्या कणीएवढा, तांबूस.

त्या रात्री सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. आमच्या घरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यातल्या माझ्या सरावाच्या बोर्डावर सगळ्या सोंगट्या जागच्या जागी होत्या. फक्त दोन्ही राजे... मधोमध समोरासमोर.

मी शेखरला विचारलं. तो म्हणाला, "मला त्यातला राजा कोणता तेही कळत नाही."

मी राजे जागेवर ठेवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. चौथ्या दिवशी मी सोंगट्या डब्यात भरून डब्याला दोरी बांधली आणि डबा कपाटात ठेवून दिला.

दहाव्याला हरसूलला गेले. सरांच्या बायकोचं नाव धोंडाबाई. त्यांनी मला बघितलं आणि रडायच्या थांबल्या.

"तुम्हीच उज्वलाबाई ना? त्या दिवशी लय घाईत निघाले. मी म्हनलं, जेवून जा. म्हनले, नाय, उज्वला ताटकळत बसल. काय बी झालं तरी पोचायचं."

मला त्यांच्याकडे बघवेना. हा माणूस मी ताटकळू नये म्हणून निघाला होता आणि मी तिथं बसून काय मागत होते!

धोंडाबाईंनी आतून एक वही आणली. "त्यांच्या पिशवीत व्हती. पोलिसांनी दिली. तुमच्या दोघांच्या खेळाची हाय. मला काय करायची? तुम्हीच ठेवा."

सर प्रत्येक डाव वहीत उतरवायचे, निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात. मी परतीच्या एसटीत ती उघडली. एकापाठोपाठ अकरा डाव. प्रत्येकाखाली निकाल, अर्धा-अर्धा.

मी पान उलटलं...

बारावा डाव.

त्याच अक्षरात, त्याच शाईत. त्रेचाळीस चाली. मी माझा कागद पर्समधून काढून एकेक चाल ताडून बघितली.  एकही फरक नव्हता.

फक्त निकालाची जागा कोरी होती.

त्या दिवशीही प्रफुल्ल भाऊंना फोन करायला वेळ होता. राज्य स्पर्धेला दोन आठवडे बाकी होते. मी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला.

जानेवारीत मी राज्य स्पर्धा खेळून आले. नऊ डावांत चार गुण. तिथं काहीच झालं नाही. कुणी दिसलं नाही, कुठला आवाज थांबला नाही. मला वाटलं, सुटले.

फेब्रुवारीत ऑफिसातून येताना एकदम मनात आलं आणि मी पाथर्डी फाट्याला रिक्षा वळवली. चैतालीच्या घरी. ठरवलं होतं, तिच्यासमोर पावती ठेवायची, काय ते बोलून घ्यायचं, शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं.

दार तिच्या आईने, सुलाबाईंनी उघडलं. मला ओळखलं. आत घेतलं, पण आवाज एकदम खाली.

"खेळती हाय आत. दोन महिने झाले, कॉलेजला जात नाय. जेवन बी तिथंच. स्पर्धेची तयारी करती म्हनती."

"कुठल्या स्पर्धेची?"

"तेच तुम्हाला इचारायचं व्हतं, ताई."

आतल्या खोलीत चैताली जमिनीवर बोर्ड मांडून बसली होती. फार वाळली होती. मी तिच्यासमोर बसले आणि पावती पुढे केली. 

तिने पावतीकडे बघितलं. जरासुद्धा दचकली नाही.

"मला माहितीये, ताई. मी स्टेजच्या पायरीजवळ उभी होते. पूर्ण डाव बघितला मी. माझं सगळं त्यावरच होतं ना."

"तुला... सर दिसले?"

"दिसले म्हणजे काय? समोर तर होते. तुम्ही हात मिळवलात तेव्हा मी आईला मिठी मारायला पळणार होते."

"मग चैताली, तू बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं."

मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं. मग हळूच म्हणाली, "सर उतरताना माझ्यापाशी थांबले होते. अभिनंदन म्हणाले. म्हणाले, तयारीला लाग, राज्य स्पर्धेला तू जाणार आहेस."

"अगं, ती स्पर्धा झाली. जानेवारीत. मी जाऊन आले."

तिने मान हलवली, पण ऐकलं नव्हतं.

"सर कधी खोटं बोललेत का, ताई?"

 ती बोर्डाकडे वळली. काळी बाजू तिच्याकडे होती. तिने घोडा पुढे केला, सोंगटीचा टक् असा आवाज झाला. मग हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मला ऐकू येईना.

सुलाबाईंनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

"आशीच बसती. समोरची चाल येईस्तोवर," त्या कुजबुजल्या. "मी एकदा मधी बसले त्या बाजूला, तर केवढ्यानं किंचाळली. ताई, तुमचं ऐकल ती. तुम्ही मोठ्या खेळाडू. येवढं सांगाल का तिला, स्पर्धा संपली म्हनून? आन् त्या दिवशी नक्की काय झालं व्हतं, ते मला तरी सांगा."

त्यांनी चहा ठेवला. मी तो प्यायले. पावती परत पर्समध्ये ठेवली.

"सांगते," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी येते आणि सगळं सांगते."

त्याला आता सात रविवार झाले. मी अजून गेलेली नाही.